वीणेच्या दगडापाशी वाजंत्री थांबते

आंबेदऱ्याच्या वरच्या अंगाला, घाटरस्ता माळावर चढतो तिथे, कमरेइतका उंच काळा दगड उभा आहे. त्यावर वीणेसारखे काहीतरी कोरले आहे. पण आपली वीणा अशी नसते, हिच्या तारा उभ्या आहेत. वरात कितीही रंगात असो, या दगडाच्या अलीकडे हलगी थांबते. सगळे मुकाट्याने पुढे जातात आणि ओढा ओलांडल्यावरच पुन्हा वाजवू लागतात. नवखे लोक विचारतात, हा देव कोणता? गावातले म्हातारे गेनूआबा सांगतात, "देव न्हाई बाबा. आमची चूक हाय ती. बसा खाली, उभ्याउभ्या ऐकायची गोष्ट न्हाई."

मोठ्या दुष्काळाच्या साली म्हणे या माळावर गोऱ्यांची पलटण उतरली. गोरे खरे, पण इंग्रज नव्हेत; आयर्लंड नावाच्या बेटावरचे. टोपीवर त्यांच्या मुलखातल्या उभ्या तारांच्या वाद्याचे पितळी चिन्ह. पलटणीने दूरदूरच्या लढाया मारल्या होत्या आणि त्या चिन्हासाठी ते जीव द्यायला तयार असत. आपल्यासारखाच त्यांचा मुलूखही इंग्रजांच्या राणीच्या ताब्यात होता. तिथे तीस वर्षांपूर्वी बटाट्याचे पीक नासून घरेच्या घरे उपाशी मेली होती. उरलेली पोरे पोटासाठी त्याच राणीच्या पलटणीत शिरली होती.

तळावर खेचरांसाठी चण्याची पोती होती. गावात माणसे निवडुंगाची बोंडे खात होती आणि खेचरांना भिजवलेला चणा मिळत होता. तो निवडायला गावातली ठकू जाई. नवरा गेलेला, घरी दोन लेकरे. पहाऱ्यावर कॉर्मक नावाचा शिपाई असे. एका दुपारी त्याने तिला जिभेखाली दाणे लपवताना पाहिले. ठकूने दाणे हातावर काढून पुढे केले. पण तो म्हणे तिच्यासमोर उकिडवा बसला, जमिनीपासून हाताने चार उंच्या दाखवल्या, घरातली भावंडे दाखवावीत तशा, आणि मग एकेक करत हात खाली मातीवर टेकवला. उठला आणि पोत्यांकडे पाठ करून उभा राहिला.

त्या दिवसापासून ठकू ओटीत चणा नेऊ लागली. मग शेजारणी आल्या. मग सगळे गाव.

पंधरा दिवसांनी पोती हलकी भरली. कॉर्मकने दारूसाठी चणा विकला, असा आळ आला. तो एवढेच म्हणाला, "विकला नाही." कोणाला दिला ते सांगेना. तेव्हा साहेबाने गाव माळावर गोळा केले आणि दुभाष्याकडून सांगितले, की भुकेल्यांना दिला असेल तर सजा हलकी, हा पलटणीत राहील. विकला असेल तर टोपीवरचे चिन्ह उपटून, ढोल वाजवत हाकलू आणि तुरुंगात धाडू. एकेकाने पुढे यावे, नाव सांगावे आणि घेतला की नाही ते बोलावे.

पाटील आदल्या दिवशीच घरोघर फिरले होते. "हो म्हणाल तर तळावरची मजुरी बंद. गोरा गोऱ्याचं बघून घेईल, तुम्ही तोंड उघडू नका."

पहिले पाटीलच गेले. "मी न्हाई घेतला." मागोमाग सुतार, कुंभार, सगळे. दात पडलेली बयजाआजी म्हणाली, "सायेब, मला चणा चावतोय व्हय?" तळावरचे शिपाईसुद्धा हसले. तिने तो रोज पाट्यावर वाटून खाल्ला होता.

ठकूची पाळी आली तेव्हा त्या सकाळचा चणा तिच्या ओटीत होता. तिने पदर घट्ट धरला. कॉर्मकने ओटीकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले आणि नजर दुसरीकडे वळवली. त्याने नुसते बोट दाखवले असते तर तो सुटला असता.

"ठकू, म्हादूची बायको," ती म्हणाली. "मी न्हाई घेतला."

इथे एखादा पाहुणा विचारतोच, "मग गाव वाचलं ना?"

"वाचलं की," आबा म्हणतात. "त्याचंच तर दुखणं हाय."

चिन्ह उपटले, गुंड्या कापल्या. त्याच्याच सोबत्यांच्या दोन रांगांमधून, ढोलाच्या ठेक्यावर त्याला हाकलत नेले. छावणीच्या तुरुंगाकडे जाताना तो वाटेतच पटकीने गेला, असे सांगतात.

ठकूने तो चणा शिजवला. लेकरांनी खाल्ला, तिने स्वतःला वाढला नाही. तिसऱ्या दिवशी ती खरे सांगायला माळावर गेली. तळ उठला होता. खुंट्यांची भोके होती, चुलींची राख होती. साहेब बसला होता त्या जागेसमोर उभी राहून ती मोठ्याने म्हणाली, "ठकू, म्हादूची बायको. मी घेतला."

ऐकायला कोणी नव्हते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, मग रोज जाऊ लागली. गाव हसले. "येडी झाली," पाटील म्हणाले. एक दिवस बयजाआजी काठी टेकत तिच्यामागे निघाली, तेव्हा मात्र हसणे थांबले. पुढे पाथरवटाने आठवेल तसे ते चिन्ह दगडावर कोरले. पलटणीच्या इतिहासात लढाया असतील, पदके असतील. कॉर्मकचे नाव असलेच तर चोर म्हणून असेल, आणि ते आपण तसे लिहायला लावले, हे गावाला पक्के ठाऊक आहे.

आजही फाल्गुनात नवा हरभरा घरात येण्याआधी पहिली ओंजळ या दगडापाशी जाते. रांग पाटलांच्या घरापासून सुरू होते. नोकरीसाठी पुण्याला गेलेलेही त्या दिवशी येतात. आबांची पाळी आली की ते टोपी काढतात.

"गेनू, बयजाबाईचा खापरपणतू. मी घेतला."

माफी झाली, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. पुढच्या वर्षी पुन्हा रांग लागते.