पुराच्या पाण्यातली चित्रे

बोरगव्हाण गावी नदीकाठच्या मठात केवळनाथ महाराज राहत असत. गावातल्या राहीबाई त्यांच्या निस्सीम भक्त. चितारी घराण्यातल्या, नवऱ्यामागे कुंचला त्यांनीच सांभाळला. एकदा त्यांनी विचारले, "महाराज, कोणत्या देवाचं चित्र काढू?"

महाराज म्हणाले, "माणसानं हातानं घडवलेली रोजची वस्तू काढ. जशी आहे तशी. त्या हातांत देवच राबतो."

झाले! राहीबाई दारोदार जाऊन सूप, रवी, घोंगडी जलरंगांत उतरवू लागल्या. वीण न् वीण मोजून. सात वर्षांत तीनशे चित्रे झाली. गावचे दिनकरशास्त्री हसत. "देवादिकांना सोडून टोपल्या रंगवतेस? तुझ्या गुरूंनी चांगलाच मोक्ष दाखवला!"

पुढे श्रावणात नदीला पूर आला. माणसे टेकडीवर चढून वाचली, पण घरे वाहून गेली. चौथ्या दिवशी राहीबाईंची चित्रांची पेटी चिखलात रुतलेली सापडली; महाराजांसह सारा गाव भोवती जमला. फटींतून पाणी गळत होते.

शास्त्री म्हणाले, "पाण्यात कालवलेले रंग ते! पाण्यातच गेले."

राहीबाईंचे डोळे भरून आले. पण त्या म्हणाल्या, "पुन्हा काढीन, महाराज. आठवतंय तोवर सगळं काढीन. आज सुपापासून सुरुवात करते."

महाराजांनी पेटीवर हात ठेवला. "बाई, आधी उघड तरी."

पेटी उघडली. कागद चिंब भिजलेले. पण एकही रेघ फिसकटली नव्हती, एकही रंग ओघळला नव्हता! शास्त्रींचा विश्वास बसेना. त्यांनी ओल्या अंगठ्याने एक चित्र घासून पाहिले. अंगठा कोराच राहिला. मग त्यांची नजर त्या चित्रावर गेली आणि त्यांनी ते दोन्ही हातांनी जवळ धरले.

"ही... ही माझ्या आईची गोधडी!"

"तुमच्या कुंपणावर वाळत होती, तेव्हा काढली," राहीबाई म्हणाल्या.

आईला जाऊन पाच वर्षे झाली होती. गोधडी पुराने नेली होती. चित्रात मात्र कोपऱ्यातले वाकडे टाकेसुद्धा होते.

"शेवटी तिला दिसत नव्हतं," शास्त्री पुटपुटले, "तरी माझ्यासाठी शिवत होती."

त्यांनी महाराजांचे पाय धरले. महाराज म्हणाले, "शास्त्रीबुवा, मी फक्त झाकण उघडायला सांगितलं."

तेव्हा शास्त्री वळले आणि साऱ्या गावासमोर त्या चिखलात त्यांनी राहीबाईंपुढे मस्तक टेकवले.

राहीबाई संकोचून मागे सरल्या. "उठा, शास्त्रीबुवा. कागद वाळत घालायचेत. जरा हात लावा."