लंगड्या शेळीची घंटी

मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढायचं, तेव्हाची ही गोष्ट. मिठाच्या बदल्यात तूप देणाऱ्या एका धनगराने ती आमच्या आजोबांना सांगितली होती.

चांदी नावाची शेळी डौलात चालायची. तिची घंटी एकसारखी वाजे, टण, टण, टण. शेजारची बुधी लंगडी. तिची घंटी दोनदा वाजे, थांबे, मग एकदा. तरी धुक्यात बुधीचं करडू सरळ आईकडे यायचं आणि चांदीचं कड्याकडे धावायचं. कड्यावरचा पडसादही तसाच टण, टण, मूळ आवाजात मिसळून जाणारा. खरी आई कुठे, त्याला कळेना. बुधीचा अडखळता ताल मात्र दुसऱ्यांदा ऐकू आला, की तो पडसाद हे पोराला समजायचं.

चांदी मत्सराने जळून खाक झाली आणि हुबेहूब बुधीसारखी लंगडू लागली.

पुढच्या धुक्यात एक करडू धावत येऊन तिच्या कासेला भिडलं. चांदी सुखावली. खाली पाहते तर ते बुधीचं. तिचं स्वतःचं पलीकडे बुधीला ढुशा देत होतं.

"हौसेने लंगड गं बाई," बुधी म्हणाली, "पण तुझं तुझं लंगड. आया दोन आहेत, हे लेकरांना कळू दे की."