भाईसाहेबांच्या हातात काय काढायचं?

डहाणूकडच्या आमच्या पाड्यात मुलांचं मैदान नव्यानं करायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांनी डोकं चालवलं. पोरांनी झोके मागितले, बायांनी चिंचेखाली कट्टा मागितला, आणि तारपा नाचाचा फेरा धरतात तशी गोल वाट म्हाताऱ्यांनी आखून दिली. माती उपसायला घरटी एक माणूस आलं. फिरकले नाहीत ते एकटे नगराध्यक्ष भाईसाहेब घरत.

ते उगवले भिंत रंगवायच्या दिवशी. मथीबाई गेरूवर पांढऱ्या रंगानं वारली चित्रं काढत होत्या.

"मधोमध मला काढा," भाईसाहेब म्हणाले. "सगळ्यांपेक्षा मोठा! बघताक्षणी ओळखू आलो पाहिजे. नाहीतर मैदानाला कुलूप लावीन."

मथीबाईंनी बांबूची काडी शांतपणे रंगात बुडवली.

"काढते की! पण साहेब, आमच्या चित्रातल्या माणसाला नाक-डोळे नसतात. माणूस ओळखायचा कामावरून. तारपा फुंकतो तो तारपकरी. डोक्यावर घमेलं आहे ती आमची सोमी. तुम्ही या मैदानासाठी काय केलंत तेवढं सांगा, तेच तुमच्या हातात देते."

भाईसाहेब सदऱ्याची बटणं चाचपू लागले.

"काही आठवत नसेल," मथीबाई म्हणाल्या, "तर आत्ता म्हणालात ते कुलूप हातात काढू?"

अख्खा पाडा खदखदून हसला. भाईसाहेबांनी बाह्या सरसावल्या आणि निमूट उरलेल्या मातीचं घमेलं उचललं.

उद्घाटनाला ते दिसेल त्याला भिंतीपाशी ओढत होते, "तो बघा, मी!"

घमेलेवाल्यांच्या रांगेत, सोमीच्या मागे. तिच्याएवढेच.