सांबरवाडीत विडा का देत नाहीत

जेवणानंतर आपल्यापुढे विड्याचे तबक आले नाही, याबद्दल गैरसमज नसावा. गावात पानमळे आहेत, सुपारीचीही वाण नाही. परंतु लग्न असो वा मुंज, सांबरवाडीत कोणी कोणाला विडा देत नाही. समोर खिंडीच्या तोंडाशी जो दगडी चौथरा दिसतो, त्याच्याशी या रीतीचा संबंध आहे. हकीकत भूषणावह नाही. तरीही आपण विचारलेत म्हणून सांगते. अर्धवट ऐकून जाण्यापेक्षा पूर्ण ऐकलेली बरी.

सरलष्कर सुभानराव हिरडे याच गावचे. आईबाप पटकीच्या साथीत गेले, तेव्हा गंगूबाई नावाच्या शेजारणीने आपल्या म्हाळूबरोबर त्यांना वाढवले. दोघे मुलगे एका ताटात जेवत, असे सांगतात. सुभानराव प्रथम पागेत घोड्यांना खरारा करीत. पुढे बारगीर झाले, जुमलेदार झाले, आणि चाळिशीच्या आत राजांनी त्यांना साऱ्या फौजेवर सरलष्कर नेमले. सात लढायांत त्यांनी पाठ दाखवली नाही. इथवर सांगताना आम्हा गावकऱ्यांची मान ताठ असते.

त्या वर्षी दसऱ्याला फौज मोहिमेवर निघायची होती. छावणी खिंडीपासून दोन कोसांवर, नदीकाठच्या माळावर पडली होती. खिंडीच्या चौकीवर म्हाळू होता, आणि त्याच्या हाताखाली याच गावचे चाळीस गडी. शत्रू दिसला तर चौकीने तीनदा धूर करावा आणि सरलष्करांनी तत्क्षणी स्वार घेऊन निघावे, असा दोघांचा ठराव होता.

कूच करण्यापूर्वी छावणीतच भरलेल्या दरबारात मानाचे विडे द्यायचे असत. पहिला विडा सरलष्करांचा, ही चालत आलेली वहिवाट. त्या दिवशी मात्र कारभाऱ्यांनी राजांच्या नव्या सोयऱ्यांचे नाव आधी पुकारले. सुभानरावांनी तलवार मांडीवर आडवी घेतली आणि गालिच्यावर ठाण मांडले.

"पहिला विडा हाती पडल्यावाचून मी रिकिबीत पाय घालणार नाही."

मग जुने कागद निघाले, शास्त्री बसले, दाखल्याला दाखला भिडला. इतक्यात एक स्वार धापा टाकीत आत आला. "सरकार, खिंडीत धूर दिसतोय. तिसऱ्यांदा झाला."

सुभानराव म्हणाले म्हणे, "म्हाळू आहे ना तिथं? घटकाभर कळ काढील तो. आज मी उठलो, तर सरलष्करांचा हा मान कायमचा गेला."

घटकेच्या चार घटका झाल्या. अखेर पहिला विडा मिळाला. तो त्यांनी सर्वांदेखत तोंडात घातला आणि मगच घोड्याला टाच मारली.

नवे स्वार पाहताच शत्रू मागे फिरला. खिंड पडली नव्हती, कारण चाळिसांतला एकही गडी जागचा हलला नव्हता. उठून उभा राहील असाही कोणी उरला नव्हता. म्हाळू एका शिळेला टेकून होता, तोंड छावणीच्या दिशेला. अंग अजून कोमट होते, असे सांगतात. म्हणजे उशीर फार झाला नव्हता. यापेक्षा कठोर असे या हकीकतीत दुसरे काही नाही.

गंगूबाई गावच्या बायकांबरोबर वर आली. तिने पदराने लेकाचे तोंड पुसले आणि मान वर करून सुभानरावांकडे पाहिले. त्यांचे ओठ लालभडक होते.

"सुभाना," ती म्हणाली, "विडा झकास रंगला रे."

त्यांनी शेल्याने ओठ पुसले. रंग मिशीला लागला.

"आई, मला शिक्षा सांग."

"मी कोण सांगणार? राजे तुला कडं घालतील, शाहीर तुझा पोवाडा गातील. माझं पोर तुझी वाट बघत बसलं, हे कोण गाणार? ते तू सांग. चार माणसांत सांग. अन् तुझ्या मागं तुझ्या घरानं सांगावं."

तिचे शब्द खरे ठरले. खिंड राखल्याबद्दल दरबारातून खरोखरच सोन्याचे कडे आले. सुभानरावांनी ते सरलष्करीच्या वस्त्रांसह परत पाठवले आणि उरलेले आयुष्य खिंडीतल्या वाटसरूंना पाणी देण्यात घालवले. विडा सोडा, असे गावाला कोणी सांगितले नव्हते. तो गावाने आपणहून सोडला.

आजही दसऱ्याला, आपट्याची पाने वाटण्यापूर्वी, हिरड्यांच्या घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीने म्हाळू आणि त्याच्या गड्यांच्या त्या चौथऱ्यापुढे अनवाणी उभे राहून गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणावे लागते: "धूर दिसला होता. आम्ही बसून राहिलो." कारणे देण्याची मुभा नाही. एका पिढीत कोणी त्या सात लढाया मोजून दाखवू लागला, तेव्हा सारा गाव पाठ फिरवून निघून गेला, असे म्हणतात.

माझे यजमान गेल्यापासून हे म्हणण्याचे काम माझ्याकडे आले आहे. वाक्ये अवघी दोन. पहिले स्पष्ट म्हणता येते. दुसऱ्याच्या वेळी अजूनही मान वर राहत नाही.