मास्तरांनी सोडलेले पाणी

"अक्का, तुम्हीच म्हणाला होतात ना, पाणी सोडा म्हणून?"

उपाध्ये मास्तरांनी कुंडी मठाच्या ओट्यावर ठेवली. त्यांच्या स्वरात प्रश्नापेक्षा आरोप अधिक होता.

कुंडीत एक मांसल पानांचे रोप होते. गुलाबाच्या पाकळ्यांसारखी पाने एकाभोवती एक रचलेली. ती आता पिवळी, अर्धपारदर्शक झाली होती, आणि मध्यभागातून आंबूस वास येत होता.

टेकडीवरील त्या मठात कृष्णाक्का अशीच रोपे पस्तीस वर्षे वाढवीत आल्या होत्या. फुटक्या कौलांत, विटांच्या चुऱ्यात आणि जाड वाळूत ती ओट्यावर रांगेने बसलेली असत. अक्कांनी मास्तरांचे रोप चिमटीत धरून हलकेच उचलले. मुळे मातीतच राहिली. वरचा गेंद तेवढा हाती आला.

"किती घातलंत?"

मास्तरांनी सविस्तर सांगितले. चैत्रात ते येथे येऊन गेले, त्याला आता भाद्रपद लागला. या काळात एकही दिवस चुकला नव्हता. देवाच्या स्नानाचे पाणी पायदळी जाऊ नये, म्हणून रोज पूजा आटोपली की ते याच रोपाच्या मध्यभागी ओतीत. तुळशीलाही त्यांनी ते दिले नव्हते.

"देवाचं पाणी," अक्का म्हणाल्या. "मग रोपाला नको म्हणायचीही सोय राहिली नाही."

मास्तर हसले नाहीत. रोप मुळात त्यांचे नव्हते. सहा वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी यामिनी त्यांच्या मनाविरुद्ध नोकरीसाठी नागपूरला गेली, तेव्हा तिने ते त्यांच्या हाती सोपवले होते. पहिले वर्षभर तिची पत्रे आली. पुढे ती थांबली. का थांबली, हे आपल्याला उमगत नाही, असे मास्तर सांगत. त्यांनी तर तिच्या प्रत्येक पत्राला उत्तर दिले होते.

चैत्रात ते हेच गाऱ्हाणे घेऊन अक्कांकडे आले होते. कुंडीही सोबत होती. रोपाची खालची पाने त्या वेळी किंचित सुरकुतली होती. यामिनीने कोठे राहावे, कोणाशी लग्न करावे, परत कधी यावे... मास्तर तासभर बोलले. आणि अक्का एवढेच म्हणाल्या होत्या, "आता पाणी सोडा, मास्तर."

"मी सोडले," मास्तर म्हणाले. "तुमच्या शब्दाबाहेर गेलो नाही."



अक्कांनी जवळच्या तांब्यातील थोडे पाणी उजव्या तळहातावर घेतले. दान देताना यजमान हात कलता करतो, तसा हात कलता केला, आणि पाणी बोटांवरून जमिनीवर जाऊ दिले. हे आता माझे नाही, असे म्हणून जे सोडतात, ते पाणी.

"मी रोपाबद्दल बोललेच नव्हते."

मास्तरांनी कुंडीच्या काठावरून हात काढून घेतला.

"चाळीस वर्षं संस्कृत शिकवलंत," अक्का म्हणाल्या. "मराठी राहूनच गेलं की."

मास्तर ओट्याच्या कडेवर बसले. मग, कोणी न विचारता, त्यांनी सांगून टाकले. काल यामिनीचे पत्र आले होते. रविवारी ती येणार होती, दोन गाड्यांच्या मधल्या तीन तासांपुरती. पत्रात तिने एकच गोष्ट विचारली होती. माझे रोप आहे ना?

त्यांची नजर ओट्यावरून फिरली. तिसऱ्या कौलात हुबेहूब तसेच रोप होते; तीच निळसर राखी पाने, तीच तांबूस टोके. त्यांनी हात जोडून ते मागितले. निगा कशी राखावी, हेही विचारून घेतले आणि वहीत टिपले. सकाळचे ऊन. पाणी मुळाशी, मध्यभागी कधीही नाही. तेही खालचे पान दाबून पाहिल्यावर मऊ लागेल तेव्हाच.

"आणि कडक लागलं तर?" अक्कांनी विचारले.

"तर पाणी द्यावयाचे नाही."

"मग काय करायचं?"

मास्तरांनी लेखणी सरसावली.

"काही नाही," अक्काच म्हणाल्या. "जवळ बसायचं."

हे मात्र मास्तरांनी टिपले नाही.

अक्कांनी तिसरे कौल उचलून त्यांच्यापुढे ठेवले. "तिला काय सांगाल?"

"तेच रोप आहे, असे सांगेन." मास्तरांनी मान खाली घातली. "अक्का, तिने माझ्यावर सोपवलेली ही एकच वस्तू होती."

"पत्र बघू."

मास्तरांनी ते खिशातून जपून काढले. चारच ओळी होत्या. अक्कांनी चष्मा लावून त्या वाचल्या. कागद दूर धरला, पुन्हा जवळ आणला.

'बाबा, तुम्हाला पहायला येते आहे.'

त्यातील 'प'ला तांबड्या शाईने काना दिलेला होता. खाली 'आशिर्वाद' या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी खोडून दीर्घ केली होती. दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले होते.

"हे तुम्ही...?"

"सवय," मास्तर म्हणाले. "वाचता वाचता हात गेला."

"आधीची पत्रं?"

  

"दुरुस्त करून परत पाठवीत असे," मास्तर अगदी हळू म्हणाले. "प्रत्येक. उत्तरासोबत."

...

अक्कांनी पत्राची घडी घालून ते त्यांच्या हातात दिले. मग हिरव्या रोपाचे कौल उचलून पुन्हा रांगेत ठेवले, कुजलेला गेंद कुंडीतील मातीवर ठेवला आणि कुंडी त्यांच्यापुढे सरकवली.

मास्तरांनी कुंडीला हात लावला नाही.

"हे पाहून ती रागावेल, अक्का."

"रागावेल. अशुद्धच रागावेल, मास्तर... तसंच राहू द्या."