केकघराचा बेदाणा

…मग विश्वास कुणावर ठेवायचा, तुम्हीच सांगा. छापलेल्या पुस्तकावर, शिकवणाऱ्या माणसावर, की आपल्या डोळ्यांवर?

हाच प्रश्न मी कुसुमबाईंना विचारला होता. फुशारकीनं विचारला होता, कारण उत्तर मला ठाऊक आहे असं वाटत होतं.

मी सुकुमार आवटी, तासगावचा बेदाण्याचा व्यापारी. शाळा सातवीपर्यंत; बाकी जे काही शिकलो ते सौद्यात, लिलावाच्या पेट्यांवर बसून. साठीला टेकलो आणि मनात आलं, आपल्या बेदाण्याचं पान इंटरनेटवर पाहिजे. तेही दुसऱ्याकडून करून घेतलेलं नको, आपल्या हातचं पाहिजे. नवशिक्यांसाठीचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि कुसुमबाईंचं दार ठोठावलं.

कुसुमबाई होनमोरे सत्तरीच्या पुढच्या. चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले, लग्नपत्रिका आणि हँडबिलं छापली. छापखाना मिटला, तेव्हा असंच एक पुस्तक उघडून वेबपानं करायला शिकल्या. ज्या दगडी टेबलावर खिळे जुळवायच्या, त्याच टेबलावर आता त्यांचा कॉम्प्युटर.

बाईंचा नियम एकच. पुस्तकातलं उदाहरण वाचा, पुस्तक मिटा, मग लिहा.

तो नियम मी मोडला होता. पुस्तकाबरोबर तयार पानांची फाइल मिळते. त्यात एका केकच्या दुकानाचं पान होतं. मी केक काढले, बेदाणे भरले. आमच्यात म्हणतात, गोणी तीच, शिक्का नवा.

"पुस्तकावर, बाई!" माझ्या प्रश्नाचं उत्तर मीच देऊन टाकलं. "पंधरा दिवसांत पान उभं केलं बघा. शनिवारी व्यापारी संघात भिंतीवर मोठं करून दाखवणार आहे. सगळ्यांना सांगून बसलोय, एकूण एक अक्षर माझं आहे म्हणून. तुम्ही फक्त शाब्बास म्हणा."

बाईंनी चष्मा लावला. पडद्यावर सोनेरी बेदाण्याची रास, भोवती नक्षी, वर ठसठशीत अक्षरांत माझं नाव.

"छान दिसतंय," बाई म्हणाल्या.

मी खुर्चीत मागे रेललो.

"शेठ, सौद्यात पेटी आली की काय करता ओ तुम्ही?"

"तळाशी हात घालतो."

"का? वरनं दिसत नाही?"

"वरचा थर कुणीही निवडून लावतो, बाई. पहिल्या वर्षी मी वरवर बघून चाळीस पेट्या घेतल्या होत्या. खाली सगळा काळा माल, काड्यांसकट. वडील आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, 'सुकुमार, उद्यापासनं कोपरापर्यंत हात चिकट झाल्याशिवाय घरी यायचं नाही.'"

बाई खळखळून हसल्या. हसता हसताच त्यांनी माऊसचं उजवं बटण दाबलं आणि उघडलेल्या यादीतली एक ओळ निवडली.

बेदाणे गेले. नक्षी गेली. पडद्यावर नुसते कंस आणि अक्षरं, पानाच्या पाठीमागचं सगळं लिखाण.

बाई थेट तळाशी गेल्या आणि खालून वर वाचू लागल्या. छापखान्यातली सवय. सरळ वाचलं की डोळा अर्थाबरोबर वाहत जातो, उलटं वाचलं की चूक सापडते, असं त्या सांगत.

बोट थांबलं…

"वाचा."

मी वाचलं. 'इथे तुमच्या केकचा फोटो घाला.'

बोट वर सरकत गेलं. अगदी माथ्याशी थांबलं.

"हे?"

"मीराचं केकघर," मी पुटपुटलो.

तेच नाव पडद्याच्या अगदी वरच्या पट्टीतही बारीक अक्षरांत दिसत होतं. पंधरा दिवस माझ्या डोळ्यांसमोर होतं.

"केक कधीपासनं विकताय, शेठ?"

"दोन ओळी आहेत, बाई. आत्ता बदलतो."

"बदला की. हा कंस कशासाठी आहे?"

मी पुस्तकाकडे हात नेला.

"आणि हा इथं उघडलाय, तो मिटलाय कुठं?"

"पुस्तकात आहे तसंच ठेवलंय, बाई."

"पुस्तकाला येतंय. मी तुम्हाला विचारलं."

"शनिवारी एवढं खोलात कोण विचारतंय? सगळे व्यापारी आहेत."

"म्हणूनच म्हणते," बाई म्हणाल्या. "सगळे तळाशी हात घालणारे."

त्यांनी माझं पुस्तक मिटलं, खिडकीत ठेवलं आणि एक कोरं पान उघडून दिलं.

"लिहा."

"काय लिहू?"

"येतंय तेवढं."

येत होतं थोडकंच. माझं नाव, गाव, मालाच्या तीन जाती, फोन नंबर. पहिल्यांदा सगळं एकाच ओळीत गर्दी करून बसलं. ते सोडवलं, तर मथळ्याचा कंस मिटायचा राहिला आणि खालचं सगळंच मथळ्याएवढं झालं.

"नंबर दाराएवढा झाला की ओ!" बाई म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. चूक कुठं आहे ते सांगितलं नाही.

मी तळापासून वर वाचत गेलो. बोट लावून, एकेक अक्षर. चहाला उकळी येईतो सापडली. कंस मिटला. नंबर झटक्यात लहान होऊन आपल्या जागी बसला.

खरं सांगतो, पहिला सौदा जिंकला तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता.

शनिवारी संघाच्या भिंतीवर पांढरं पान उमटलं. ओळी मोजून सहा.

"एवढंच?" भूपाल मगदूम ओरडला. माझा जुना स्पर्धक. "फोटो कुठायत?"

"अजून येत नाहीत."

"मग हे तरी तूच लिहिलंस कशावरनं?"

मी उठलो. मथळा मिटवणारा कंस खोडला. फोन नंबर भिंतभर झाला. कंस परत घातला. नंबर जागेवर.

"परत कर की," भूपाल म्हणाला.

चार वेळा करायला लावलं गड्यानं.

सोमवारी उत्तम बेदाण्याची पेटी घेऊन बाईंकडे गेलो. बाईंनी तळाशी हात घालून मूठभर काढला, तोंडात टाकला, मान डोलावली.

"बाई, त्या दिवशी उत्तर मीच दिलं होतं. आता तुम्ही सांगा. विश्वास कुणावर ठेवायचा?"

बाईंनी फळीवरून एक जुनी वही काढली. पहिल्याच पानावर फिकट शाईत लिहिलं होतं: लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या जागी त्याच्या वडिलांचं नाव छापलं, दोनशे प्रती. शेवटच्या पानावरची चूक कालची होती.

मग त्यांनी एक कोरी वही माझ्या हातात दिली.

"यात तुमच्या चुका लिहायच्या. तारीख घालून."

मी वही कपाळाला लावली. पण व्यापारी माणूस, घासाघीस केल्याशिवाय राहवतंय होय?

"आणि बाई, एखाद्या दिवशी चूक झालीच नाही तर?"

बाईंनी आणखी एक बेदाणा तोंडात टाकला. सावकाश चघळला…

"तर त्या दिवशी काही केलं नाही, असं लिहा. हिशेब खरा ठेवा, शेठ."