कडुनिंबाच्या पानाचा मध्य

एकदा एका गावाच्या वेशीबाहेर एक वृद्ध वैद्य राहत होते. औषधे ते देतच. पण त्यांचे खरे ध्यान लागलेले असे ते जिवांच्या आकृतीत. दारी कोणी आले, की हातातले फूल पुढे करून विचारायचे, "सांगा बरं, याचा मध्य कुठे?" जास्वंदीचे फूल देठाभोवती पाचव्या हिश्शाने फिरवले, तर पुन्हा जसेच्या तसे दिसते. फुलपाखरू मात्र एकाच रेषेवर दुमडते. काकडीच्या चकतीत तीन घरे, भेंडीच्या चकतीत पाच. आपण रोज विळीवर चिरतो, पण पाहतो कुठे? "इतकी नेमकी मापं देवानं कुठल्या पट्टीनं घेतली असतील!" असे म्हणून वैद्यबुवा त्या भेंडीलाच हात जोडत.

त्यांच्याकडे गावातल्या एका घरची धाकटी सून शिकायला येई. पूजेची पत्री खुडता खुडता तिला पानांचा छंद लागला होता. मधल्या शिरेवर पान दुमडायचे आणि दोन्ही कडा जुळतात का ते पाहायचे, हा तिचा पहिला धडा. तो तिने इतका मनावर घेतला, की कडा न जुळणारे पान ती देवालाही वाहत नसे.

फाल्गुन सरत आला होता. एके सकाळी ती आली, ती डोळे पुसतच.

"बाबा, पाडव्याला मी चूल वेगळी मांडते आहे. मुहूर्ताचा दिवस आहे. तुमचा आशीर्वाद हवा."

"का ग? थोरल्या जावेशी वाजलं?"

"वाजायचं काय राहिलंय! परवा माझ्या सोळा सोमवारांचं उद्यापन झालं. मी ऐनवेळी पाच सवाष्णी जास्त बोलावल्या. तर जाऊबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, 'हिचा हात म्हणजे फुटका रांजण!' त्या तशाच. तांदूळसुद्धा मुठीनं मोजून घेणार. माझं आणि त्यांचं एका गोष्टीत जुळेल तर शपथ."

वैद्यबुवा म्हणाले, "आशीर्वाद देतो. आधी परसातल्या कडुनिंबाचं एक पान आण. मधल्या शिरेवर दुमडलं, की दोन्ही बाजू तंतोतंत जुळायला हव्यात. तेवढं मिळालं, की खुशाल चूल मांड."

तिला हसू आले. झाड कोवळ्या पालवीने नुसते भरले होते. एवढ्या पानांत एक मिळायला कितीसा उशीर!

दुपार झाली तेव्हा ती परतली. पदरात पानांचा ढीग आणि चेहरा उतरलेला. "एकही नाही, बाबा! एका बाजूला पोट सुटलेलं, दुसरी बाजू खप्पड. वर विळ्यासारखा बाक. देवाचा हात इथेच कसा चुकला?"

वैद्यबुवांनी कडुनिंबाची एक काडी घेतली. दोन्ही अंगांना पानांच्या रांगा असलेली, हिरवीगार. आणि तिच्या देखत त्यांनी एका अंगाची सगळी पाने ओरबाडून टाकली.

"अहो बाबा, काय केलंत हे! चांगली काडी विद्रूप केलीत."

"तू सकाळपासून दुसरं काय करत होतीस? एकेकाला वेगळं काढायचं आणि वाकडं म्हणायचं." त्यांनी दुसरी काडी तिच्या हाती दिली. "आता ही दुमड. पानाच्या शिरेवर नको, मधल्या काडीवर."

तिने दुमडली. उजवी रांग डाव्या रांगेवर अलगद येऊन बसली. पोटावर पोट, बाकावर बाक. ती पाहतच राहिली.

वैद्यबुवा म्हणाले, "कडुनिंबाचं खरं पान म्हणजे ही अख्खी काडी, पोरी. तू जिला पान म्हणत होतीस, ती त्याची एक छोटी पर्णिका. आपला एक हात घे. अंगठा एकीकडे, करंगळी दुसरीकडे. कुठे दुमडलास तर जुळेल? दोन्ही हात समोरासमोर आण, नमस्कार होतो. देवाचं माप चुकलेलं नाही. तू मध्य भलतीकडे धरलास. आता मला सांग, उद्यापनाला पाच बायका जास्त आल्या, तर भात पुरला कसा?"

ती हळूच म्हणाली, "जाऊबाईंनी एक पातेलं आधीच झाकून ठेवलं होतं. म्हणाल्या, 'मला ठाऊकच होतं, ही कोणाला तरी ओढून आणणार.'"

"आणि तू नसतीस, तर ते पातेलं त्यांनी कोणासाठी झाकलं असतं?"

वैद्यबुवांनी आशीर्वादासाठी हात उचलला, तेव्हा तिनेच नको म्हणून मान हलवली आणि नमस्कार करून घरी निघाली.

पाडव्याच्या सकाळी थोरलीने तिला स्वयंपाकघराच्या दारातच गाठले. "काय ग, विस्तव माझ्या चुलीतला नेणार, की तोही वेगळा?"

"मी कुठे जात नाही, जाऊबाई. श्रीखंडात साखर तेवढी तुम्ही घाला. मी घातली तर जास्त होईल."

थोरली साखरेचा डबा तिच्यापुढे सरकवत म्हणाली, "आणि मी घातली तर कमी. तूच घाल. मी सांगते कुठे थांबायचं ते."